पॉडकास्टसाठी मिक्सर निवडताना आधी तोंडे मोजावीत

पॉडकास्ट सुरू करायचा म्हटले की पहिला प्रश्न मिक्सरचा निघतो. लातूरमध्ये स्पर्धा परीक्षांवर बोलणारी मुले असोत, परभणीच्या आसपास सोयाबीन आणि तुरीवर चर्चा करणारा शेतकऱ्यांचा गट असो किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी घरातल्या वृद्धांकडून वेळीच टिपून ठेवू पाहणारी नातवंडे असोत, "किती चॅनेलचा मिक्सर घ्यावा?" असेच सगळे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दुसरे दोन प्रश्न विचारावे लागतात. एका वेळी किती जण बोलणार आहेत, आणि प्रत्येकाचा आवाज नंतर वेगळा हाताशी हवा आहे की नाही? या दोन उत्तरांवर जवळजवळ सगळी निवड ठरते. बटणांची संख्या, रंगीत दिवे आणि आत भरलेले इफेक्ट यांचा विचार त्यानंतरचा.

मिक्सर नेमके काय करतो, ते आधी पाहू. माइकमधून येणारा विद्युतसंकेत अत्यंत क्षीण, काही मिलिव्होल्टांचा किंवा त्याहूनही कमी असतो. चॅनेलच्या, म्हणजे एका माइकसाठी असलेल्या चकत्यांच्या उभ्या ओळीच्या, अगदी वर असलेली 'गेन' ही चकती त्याला कामाच्या पातळीपर्यंत वाढवते. त्याखालच्या चकत्या खर्ज, मध्य आणि तार भाग कमी-जास्त करतात. 'ऑक्स' नावाची चकती त्या आवाजाचा एक हिस्सा दुसरीकडे, म्हणजे हेडफोनकडे किंवा फोनकडे पाठवते आणि तळाची पट्टी किंवा चकती तो आवाज अंतिम मिश्रणात किती जावा हे ठरवते. सर्व चॅनेलचे आवाज शेवटी डावा आणि उजवा अशा दोनच वाटांवर एकत्र येतात. असे मिक्सर प्रामुख्याने सभा-समारंभात त्याच क्षणी ऐकणाऱ्यांसाठी वापरले जात असल्याने तिथे हे अगदी बरोबर आहे. ध्वनिमुद्रणात मात्र हेच एकत्र येणे अडचणीचे ठरते, कारण कालवलेला वरण-भात पुन्हा वेगळा करता येत नाही.

ही अडचण प्रत्यक्षात अशी समोर येते. तिघे जण बोलत आहेत. पाहुण्या बाई आपल्या गावातील पाणीटंचाईचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग सांगत असताना सूत्रसंचालक खोकतो आणि त्याच वेळी तिसऱ्याच्या माइकसमोर कागद चाळले जातात. तिघांचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्रपणे साठवलेले असतील, तर खोकला आणि कागद असलेले दोन ट्रॅक त्या क्षणापुरते शांत करायचे आणि पुढे जायचे. माइकमधील अंतर बऱ्यापैकी असेल, तर ऐकणाऱ्याला काही घडल्याचे कळतही नाही. सगळे एकाच मिश्रणात गेले असेल, तर ते वाक्य खोकल्यासह ठेवावे लागते किंवा पूर्ण काढावे लागते. आवाजाच्या पातळीचेही तसेच आहे. मोठ्याने बोलणारे सरपंच आणि हळू बोलणारी शिक्षिका यांचा समतोल मुद्रणाच्या वेळी चुकला, तर मिश्र ध्वनिफितीत तो नंतर नीट सुधारता येत नाही.

बाजारात सर्वाधिक गैरसमज नेमका इथे होतो. 'यूएसबी मिक्सर' असे लिहिलेले यंत्र घेतले म्हणजे प्रत्येक माइक संगणकात स्वतंत्र ट्रॅकवर उतरेल, अशी घेणाऱ्याची समजूत असते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक यूएसबी मिक्सरांमध्ये तसे होत नाही. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा अनेकांच्या पसंतीचा आणि चांगल्या दर्जाचा मिक्सर घ्या. त्याला चार माइक जोडता येतात, पण यूएसबीमधून संगणकाकडे दोनच वाहिन्या जातात, डावी आणि उजवी. बेरिंजरच्या लहान यूएसबी मिक्सरांचेही असेच आहे. हा त्या यंत्रांचा दोष नाही. माहितीपत्रकात '२ इन / २ आउट' असे स्पष्ट छापलेले असते, पण घेणाऱ्याची नजर खोक्यावरच्या '१० चॅनेल' या मोठ्या अक्षरांवर जाते. खरेदीपूर्वी एकच ओळ वाचायची असेल, तर यूएसबीच्या वाहिन्यांची वाचावी.

दोघांच्याच गप्पा असतील, तर अशा मिक्सरवरही मार्ग निघतो. प्रत्येक चॅनेलवर 'पॅन' नावाची चकती असते. एका माइकची पॅन पूर्ण डावीकडे आणि दुसऱ्याची पूर्ण उजवीकडे फिरवली, तर संगणकात येणाऱ्या स्टिरिओ फाइलच्या डाव्या बाजूला एक व्यक्ती आणि उजव्या बाजूला दुसरी व्यक्ती सापडते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या फाइलचे दोन मोनो ट्रॅक करून प्रत्येकावर वेगळे काम करता येते. प्रसारित करण्यापूर्वी दोन्ही आवाज पुन्हा मध्यभागी आणायला मात्र विसरू नये, नाहीतर एका कानात इअरफोन घालून एसटीत बसलेल्या श्रोत्याला प्रश्न ऐकू येतील आणि उत्तरे येणार नाहीत.

तीन किंवा चार जण नियमितपणे बोलणार असतील, तर तीन प्रकारची यंत्रे विचारात घ्यावीत. पहिला प्रकार ऑडिओ इंटरफेसचा. यावर पट्ट्या नसतात, प्रत्येक माइकसाठी एक गेनची चकती असते आणि प्रत्येक माइक संगणकात वेगळा पोहोचतो. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ दोन माइकपुरता आहे. चार माइक घेणारे इंटरफेसही मिळतात, पण दुकानात 'चार इनपुट' ऐकून थांबू नये, कारण त्यांपैकी दोन केवळ वाद्यांसाठी किंवा लाइन पातळीसाठी, म्हणजे दुसऱ्या यंत्रातून येणाऱ्या जोरदार संकेतासाठी, असू शकतात. माइकचे प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग, किती, असे स्पष्ट विचारावे. ज्यांच्याकडे चांगला लॅपटॉप आहे आणि जे एकाच खोलीत बसून मुद्रण करणार आहेत, त्यांच्यासाठी माझ्या मते हाच सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

दुसरा प्रकार मल्टिट्रॅक यूएसबी असलेल्या मिक्सरचा. साउंडक्राफ्टच्या सिग्नेचर १२ एमटीकेसारख्या मिक्सरमधून प्रत्येक चॅनेल संगणकात वेगळा जातो. त्याच मिक्सरवर गावातला कार्यक्रमही करायचा असेल, तरच तो घ्यावा. केवळ गप्पांसाठी तो जागा आणि पैसा दोन्ही अधिक खातो.

तिसरा प्रकार पॉडकास्टसाठीच बनवलेल्या यंत्रांचा आहे आणि मराठवाड्याच्या परिस्थितीत तो विशेष उपयोगी पडतो. झूमचा पॉडट्रॅक पी४ हे त्याचे लहान उदाहरण. त्याला चार माइक आणि चार स्वतंत्र हेडफोन जोडता येतात, प्रत्येक हेडफोनचा आवाज वेगळा ठेवता येतो आणि चारही आवाज एसडी कार्डावर वेगवेगळ्या फाइलमध्ये उतरतात. तो दोन एए सेलवर चालतो, शिवाय पॉवर बँकेवरही. बीडच्या एखाद्या ऊसतोड कामगाराच्या तांड्यावर किंवा औंढ्याच्या मंदिराच्या ओसरीवर, जिथे लॅपटॉप उघडून बसणे अवघड आणि वीज असेलच याचा भरवसा नाही, तिथे या गोष्टीला मोल आहे. मात्र याच पी४ला संगणकाशी जोडले, तर यूएसबीमधून पुन्हा दोनच वाहिन्या मिळतात. वेगळे ट्रॅक हवे असतील, तर ते कार्डावरच मिळतात. त्याचे मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट इतकेच असते. बोलण्यासाठी ते पुरेसे आहे, फक्त गेन थोडे काळजीपूर्वक लावावे लागते. चार माइक आणि स्टिरिओ मिश्रण धरून तासाला सुमारे १.९ जीबी जागा लागते, त्यामुळे ३२ जीबीचे कार्डही बरेच दिवस पुरते. रोडचा रोडकास्टर प्रो २ याच जातीचा, परंतु बराच महाग आणि अधिक सोयींचा आहे. झूमचा लाइव्हट्रॅक एल-८ या दोहोंच्या मधला असून त्याला सहा माइक जोडता येतात.

एक मोह टाळण्यासारखा आहे. यूएसबी माइक स्वस्त पडतात म्हणून असे तीन माइक एकाच लॅपटॉपला लावण्याचा विचार अनेक जण करतात. प्रत्येक यूएसबी माइकमध्ये स्वतःचे डिजिटल घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. परिणामी तासाभराच्या मुद्रणात आवाज एकमेकांपासून हळूहळू सरकू शकतात. शिवाय विंडोजमधील बहुतेक मुद्रण सॉफ्टवेअर एका वेळी एकच उपकरण नीट हाताळतात. एकट्याने बोलणाऱ्यासाठी यूएसबी माइक उत्तम. दुसरा माणूस समोर बसणार असेल, तर एक्सएलआर माइकच, म्हणजे तीन पिनांच्या वायरने मिक्सरला किंवा इंटरफेसला जोडायचे माइक, घ्यावेत.

भजनी मंडळाकडे किंवा ओळखीच्या मंडपवाल्याकडे ॲम्प्लिफायर आणि मिक्सर आधीच आहे, तो चालेल का, असेही विचारले जाते. माइक आणि त्यांच्या वायरी चांगल्या असतील, तर त्या जरूर घ्याव्यात. सभेचे काम वर्षानुवर्षे केलेले डायनॅमिक माइक (हा प्रकार पुढे सांगितला आहे) पॉडकास्टलाही चांगले असतात. मिक्सरचे मात्र तसे नाही. त्याच्या 'रेक आउट'मधून, म्हणजे मुद्रणासाठीच्या आउटपुटमधून, वायर काढून लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्रित छिद्रात घातली, तर आवाज फाटण्याची शक्यता फार, कारण लॅपटॉपचे ते छिद्र आत घेताना माइकचा क्षीण, एकाच वाहिनीचा संकेत घेण्यासाठी केलेले असते आणि तिकडून लाइन पातळीचा जोरदार संकेत येतो. मध्ये साधा यूएसबी इंटरफेस घालणे भाग आहे. आणि साउंडवाल्याला अत्यंत प्रिय असलेली एकोची चकती शून्यावर आणून ठेवावी. लग्नात वरमायांची नावे पुकारताना ती शोभते. पॉडकास्टमध्ये मात्र एकदा मिसळलेला एको नंतर धड काढता येत नाही.

मिक्सर आणि माइक यांची जोडी जमणे हा पुढचा मुद्दा, आणि तिथे गेनचा आकडा पाहावा लागतो. माइकचे ढोबळ दोन प्रकार. कंडेन्सर माइकला चालण्यासाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सर किंवा इंटरफेसकडून माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागते, तो खोलीतील बारीकसारीक आवाजही टिपतो आणि त्याचा संकेत डायनॅमिक माइकच्या तुलनेत अनेकदा दहापट किंवा त्याहून अधिक व्होल्टचा असतो. डायनॅमिक माइकला वीज लागत नाही, तो तोंडाजवळचा आवाज घेतो आणि दूरचा बराचसा सोडून देतो. आपल्याकडील खोल्यांमध्ये, जिथे वर पंखा, खिडकीत कूलर आणि रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा असतो, तिथे जवळजवळ नेहमीच डायनॅमिक माइक घ्यावा, असे माझे मत आहे. १९६६ साली बाजारात आलेला शुअरचा एसएम५८ आजही या कामासाठी पुरेसा आहे. व्हिडिओंमुळे प्रसिद्ध झालेला एसएम७बी हाही डायनॅमिकच, पण त्याचा संकेत आणखी क्षीण असतो आणि त्याला किमान ६० डेसिबल स्वच्छ गेन लागते, असे खुद्द कंपनी सांगते. तिसऱ्या पिढीच्या स्कार्लेट २आय२मध्ये ५६ डेसिबल आहे, चौथ्या पिढीत ६९ आणि रोडकास्टर प्रो २मध्ये ७६. म्हणजे महागडा माइक घेऊन जुन्या इंटरफेसला लावला, तर चकती शेवटपर्यंत फिरवूनही आवाज कमीच राहतो आणि नंतर तो वाढवताना मागची सळसळही वाढते. मग मध्ये आणखी एक प्रीॲम्प घ्यावा लागतो, म्हणजे खर्च पुन्हा वाढतो. एसएम५८ आणि साधा इंटरफेस ही जोडी त्यापेक्षा सरळ आहे.

गेनचा निम्मा प्रश्न अंतरानेच सुटतो. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. चार बोटांपासून एका वितीपर्यंतचे अंतर ठेवावे आणि श्वासाचा झोत थेट बसू नये म्हणून माइक किंचित तिरका धरावा. दोन माइकमधील अंतर तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट असले, तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये फारसा सांडत नाही. वेगळे ट्रॅक घेऊनही हे पाळले नाही, तर वेगळेपणाचा फायदा निम्मा होतो. मुद्रणाच्या वेळी मोठ्यात मोठा शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे गेन लावावे (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा). माणूस चाचणीत बोलतो त्यापेक्षा रंगात आल्यावर मोठ्याने बोलतो, म्हणून ही मोकळीक ठेवायची.

गोंधळासारख्या लोककलेचे मुद्रण करणाऱ्यांनी या मोकळिकीचा अधिक विचार करावा. तुळजापूरच्या गोंधळ्यांचे संबळ जवळून वाजू लागले की त्याचा प्रत्येक ठोका निवेदनाच्या आवाजापेक्षा कितीतरी वर उसळतो. अशा वेळी माइक चॅनेलवर 'पॅड' हे बटण असणारे यंत्र पाहावे. ते संकेत २० किंवा २६ डेसिबलने कमी करते. संबळाला एक माइक, गाणाऱ्याला दुसरा आणि तुणतुणे व झांज यांना मिळून तिसरा, अशी मांडणी केली, तर तीन वेगळे ट्रॅक मिळतात. निवेदन आणि गाणे एकाच माइकवर घेण्याची काटकसर इथे करू नये.

आता विजेकडे वळू, कारण मराठवाड्यात यंत्राच्या निवडीवर तिचा परिणाम होतो. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ असते. अर्थिंग नीट नसेल, तर त्याच कंप्रतेची आणि तिच्या पटीतली गुणगुण मुद्रणात शिरते. मिक्सरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर दोष यंत्राचा नसून घराच्या अर्थिंगचा असण्याची शक्यता अधिक. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याची वाहकता कमी होते, म्हणून त्यात पाणी ओततात, ते विनाकारण नव्हे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले, तर निम्म्या तक्रारी मिटतात. भारनियमनात इन्व्हर्टरवर काम करायचे असेल, तर तो साइन वेव्ह प्रकारचा असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मिक्सरच्या ॲडॅप्टरमधून करकर येते. माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर वायरच वापरावी. तिच्यातील दोन तारांमधून एकच संकेत उलट-सुलट पाठवला जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच असल्याने दुसऱ्या टोकाला तो एकमेकांतून वजा होतो.

फोनवरचा पाहुणा हा आणखी एक निर्णायक मुद्दा. पुण्यात स्थायिक झालेला मुलगा, मुंबईतील अभ्यासक किंवा छत्रपती संभाजीनगरचे डॉक्टर फोनवरून बोलणार असतील, तर त्यांना आपला सगळा आवाज परत पाठवायचा, पण त्यातून त्यांचा स्वतःचा आवाज वगळायचा. तसे केले नाही, तर त्यांना आपलेच बोलणे क्षणभर उशिरा ऐकू येते आणि ते अडखळू लागतात. या व्यवस्थेला मिक्स-मायनस म्हणतात. पी४ आणि रोडकास्टरमध्ये ती आपोआप होते, फोन जोडला की पुरे. साध्या मिक्सरवर ती हाताने करता येते. सर्व माइकची ऑक्स चकती उघडी ठेवायची, फोनच्या चॅनेलची ऑक्स पूर्ण बंद करायची आणि ऑक्सचे आउटपुट फोनकडे न्यायचे. साध्या इंटरफेसवर यासाठी सॉफ्टवेअरची कसरत करावी लागते. दर भागात कुणीतरी फोनवर असणार असेल, तर इंटरफेसऐवजी पॉडकास्टचे खास यंत्र घेण्याला हेच एक कारण पुरेसे आहे.

वापरलेले यंत्र घ्यायला हरकत नाही, मात्र ते स्वतः लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जाताना आपला माइक, वायर आणि हेडफोन बरोबर न्यावेत. प्रत्येक चॅनेलला माइक लावून बोलावे, प्रत्येक चकती आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून करकर येते का ते हेडफोनवर ऐकावे, कारण आपल्याकडची धूळ सर्वांत आधी पट्ट्यांच्या खाचांमध्येच बसते. फँटमचे बटण दाबून कंडेन्सर माइक चालतो का पाहावे. मग माइक न बोलता तसाच ठेवून गेन पूर्ण वाढवावे. मंद सळसळ ऐकू आली तर ती साधारण असते, पण त्यात गुणगुण किंवा थांबून थांबून टिकटिक असेल, तर ॲडॅप्टर बदलून पुन्हा ऐकावे आणि तरीही ती राहिली, तर ते यंत्र घेऊ नये. शेवटी लॅपटॉपला जोडून पाच मिनिटे मुद्रण करावे आणि ती फाइल त्याच दुकानात उघडून तिच्यात खरोखर किती ट्रॅक उतरले आहेत, ते मोजावे.